दुसरे सत्र आणि कामगाराचे घर

वसंत व्याख्यानमालेच्या दिवसांत शाळेविषयी बोलणे पुष्कळांना अवेळीचे वाटेल. दहावीची परीक्षा होऊन गेलेली असते, निकाल लागलेले किंवा लागायचे असतात, आणि ज्यांची मुले नववीतून दहावीत चालली ती मंडळी "अजून सबंध वर्ष पडले आहे" म्हणून निश्चिंत असतात. आमच्या मते बोलण्याचा काळ हाच आहे. शेतकरी औताची डागडुजी पाऊस पडल्यावर करीत नाही, वैशाखात करतो. तसेच ज्या घरात पुढील साली दहावी आहे त्या घराने विचार आता करावा. दिवाळी उलटल्यावर विचाराला सवड राहत नाही.

आम्ही शिक्षक नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि जे थोडे शिकलो ते वाचनालयांत व माणसांत बसून शिकलो. परंतु वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांच्या फाटकावर उभे राहिले की शाळेतल्या घटनांचे पुढे काय होते ते स्पष्ट दिसते. दहावी उत्तीर्ण होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा वा वीजतंत्रीचा व्यवसाय शिकलेला मुलगा आपली प्रमाणपत्रे घेऊन कचेरीत जातो. दहावी राहिलेला त्याचाच शेजारी ठेकेदाराच्या मुकादमापुढे रांगेत उभा राहतो, हेल्पर म्हणून लागतो आणि बहुतेक वेळा हेल्परच राहतो. दोघांच्या बुद्धीत अंतर फारसे नसते. विचारपूस केली तर पुष्कळदा असे निघते की या मुलाची शाळा नववीच्या किंवा दहावीच्या दुसऱ्या सत्रात सुटली. म्हणून या सत्राचा हिशेब आपण नीट मांडून पाहू.

महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडते. दिवाळीपर्यंत पहिले सत्र आणि दिवाळीच्या सुटीनंतर दुसरे. ऐकताना ही दोन सत्रे सारखी वाटतात, पण दहावीच्या मुलापुरते दुसरे सत्र फार तोकडे असते. पूर्वी दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये सुरू होई. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीस सुरू झाली, आणि बारावीची त्याहूनही आधी, ११ फेब्रुवारीस. शाळा नोव्हेंबरच्या मध्यास उघडली असे धरले तर २० फेब्रुवारीपर्यंत ९७ दिवस म्हणजे जेमतेम १४ आठवडे हाती येतात. या १४ आठवड्यांत उरलेला अभ्यासक्रम संपवायचा, स्नेहसंमेलन व सहल उरकायची, पूर्वपरीक्षा द्यायची, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यायच्या, आणि या सर्वांतून वेळ काढून जूनपासूनच्या धड्यांची उजळणी करायची. शिवाय प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते २० गुण वह्या, प्रयोग, तोंडी यांवर मिळतात. ज्याची वही अपुरी आणि हजेरी तुटक, त्याचे नुकसान लेखी परीक्षेला बसण्यापूर्वीच होऊन जाते.

आता याच १४ आठवड्यांत आपली घरे काय करीत असतात ते पाहा. गावाकडे कापसाची वेचणी चाललेली असते. त्यामागोमाग तुरीची सोंगणी येते, आणि परीक्षेच्या सुमारास ज्वारी-हरभरा काढणीला येतो. ऊसतोडीच्या टोळ्या कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतात. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि नात्यात दर पंधरवड्यास एक तरी हळद लागते. शहरातल्या कारखान्यांत मार्चअखेरचे उत्पादन गाठण्यासाठी ओव्हरटाइम वाढतो. म्हणजे घराचा हंगाम आणि मुलाचा हंगाम एकाच वेळी येतो, आणि जेथे दोघांची ओढाताण होते तेथे आजवर मुलानेच माघार घेतलेली आहे. दोष कोणाच्या दुष्टपणाचा नाही. परिस्थितीच तशी आहे. तथापि परिस्थिती समजली की तिच्यात थोडी वाट काढता येते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात राहत नाही. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत, सरकारी शाळेतली फुकट पुस्तके आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकताच हे आधार गळून पडतात, आणि अभ्यास मात्र नेमका तेव्हाच अवघड होतो. सरकारचा हात जेथे सैल होतो तेथे घराने आणि वस्तीने हात घट्ट करावयाचा असतो.

पहिला प्रश्न जागेचा. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, मुकुंदवाडी येथील भाड्याच्या एका खोलीत पाच माणसे राहतात. "अभ्यासाला स्वतंत्र खोली द्या" हा उपदेश तेथे थट्टेसारखा वाटतो. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरची हकीकत आठवावी. परळच्या डबक चाळीत सारे कुटुंब एका खोलीत राही. सुभेदार रामजी मुलाला रात्री लवकर निजवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून अभ्यासास बसवीत आणि आपण निजत. पुस्तकासाठी पैसे नसले तर ते आपल्या लेकींकडे जात; एखादीचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून देत. या मुलाने १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकची परीक्षा दिली, तीत त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. ज्यांना आपल्या मुलाचे गुण कमी वाटतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मुलाला रात्री दोनला उठवावे असे आमचे सांगणे नाही. सुभेदारांनी केले ते इतकेच की एका जागेच्या दोन पाळ्या पाडल्या आणि आधी झोप, मग अभ्यास असा क्रम लावला. कामगाराला पाळ्या शिकवाव्या लागत नाहीत. बाप सात ते तीनच्या पाळीला असेल त्या आठवड्यात घर रात्री नऊला निजवावे आणि मुलाने पहाटे पाचला उठावे. बाप तीन ते अकराच्या पाळीला असेल तेव्हा संध्याकाळ मुलाची. बाप रात्रपाळी करून दिवसा निजत असेल तेव्हा पाठांतर घरात नको. मुलाने शाळेत, वाचनालयात किंवा शेजारच्या ओट्यावर बसावे. आठवड्याआठवड्याने पाळी बदलते आणि मुलाचे वेळापत्रक मात्र भिंतीवर जूनपासून एकच चिकटवलेले असते, म्हणून ते दुसऱ्याच आठवड्यात मोडते. त्यावर उपाय असा की बापाची पाळी, पाण्याचा दिवस आणि मुलाचा अभ्यास या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहाव्यात, आणि तो कागद दर रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून नवा करावा.

दुसरा प्रश्न वेळेचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाला आठवड्याला ४८ तासांची आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. त्याच कायद्यात चौदा वर्षे पूर्ण झालेल्या पोराकडून दिवसाला साडेचार तासांहून अधिक काम घेण्यास बंदी होती. आता आपल्या दहावीतल्या मुलाचे तास मोजा. शाळा रोज सहा तास, क्लास दोन तास, आठवड्याचे सहा दिवस. झाले ४८ तास! घरचा अभ्यास, येण्याजाण्याची पायपीट आणि घरकाम यांवर वेगळेच. ज्या मर्यादेसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी संप केले ती मर्यादा आपण आपल्याच पोरांच्या बाबतीत विसरतो, आणि मूल पुस्तकावर डुलक्या घेऊ लागले की त्याला आळशी म्हणतो.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रोज आठ तासांहून कमी झोप पुरत नाही. वैद्यकशास्त्र तेरा ते अठरा वर्षांसाठी आठ ते दहा तास सांगते. झोप हा अभ्यासाचाच भाग आहे, कारण दिवसा वाचलेले मनात मुरते ते झोपेत. रात्री बारापर्यंत जागवून पहाटे चारला उठवणे म्हणजे यंत्राला तेल न घालता दोन पाळ्या चालवणे होय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. ती १० जून १८९० रोजी पदरात पडली. त्या रविवारातला अर्धा दिवस मुलाला मोकळा द्यावा. मैदानावर जाऊन आलेले पोर संध्याकाळी जे दोन तास बसते ते दिवसभर कोंडलेल्या पोराच्या पाच तासांहून अधिक फळतात.

अभ्यास कसा करावा हे शिकवणे शिक्षकाचे काम आहे, पण त्यातली एक गोष्ट अक्षरशत्रू आईलाही करता येते. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने १८८५ साली विसरण्याच्या वेगाविषयी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वाचलेल्यापैकी मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो, आणि थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने उजळणी केली तर टिकतो, असे त्याला आढळले. पुढच्या संशोधकांनी त्यात भर घातली की पुस्तक मिटून आठवून सांगणे हे तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. म्हणून आईने भाकरी थापता थापता एवढेच विचारावे, "आज काय शिकलास ते मला सांग." मूल समजावून सांगू लागले की कोठे अडखळते ते त्याचे त्यालाच कळते. आईला बीजगणित येत नाही म्हणून काही बिघडत नाही. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारावे, आठ दिवसांनी पुन्हा. यास पैसा लागत नाही.

आता मुलींविषयी. आमच्या शहराला पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीहून येते. एवढे मोठे धरण असूनही गेली कित्येक वर्षे अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी आले नाही. चार-चार, आठ-आठ दिवसांनी आले, आणि तेही कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी. पाणी येण्याच्या दिवशी शाळा कोणाची बुडते? घरातल्या मुलीची. धाकट्या भावंडाला ताप आला तर रजा कोणाची? मुलीची. आई कामावर गेली तर भाकरी कोणी टाकायची? मुलीनेच. यांपैकी कोणतेही काम कमीपणाचे नाही, पण ते एकाच माणसाच्या अंगावर पडते हा अन्याय आहे. संघटनेत आम्ही कामाचा भार वाटून घेण्याची भाषा करतो. ती घरीही चालवली पाहिजे. एक दिवस मुलीच्या कामाचे तास कागदावर मांडा आणि मुलाचे त्याच्या शेजारी मांडा. मग दिवाळी ते परीक्षा या १४ आठवड्यांत पाण्याचा दिवस बापाने आणि भावाने घ्यावा, मुलीने शाळेत जावे. एवढ्या एका बदलाने तिच्या हजेरीत किती दिवस वाचतात ते मोजून पाहावे.

आणि दुसरी गोष्ट स्पष्टच बोलतो. लग्नसराई आणि ऊसतोडीचा हंगाम एकत्र येतो तेव्हा "पोर वयात आली, मागे कोणाजवळ ठेवायची" म्हणून मराठवाड्यात पुष्कळ मुलींची लग्ने शाळेतूनच उरकली जातात. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही खबर देऊ शकतो. पण कायद्याआधी शेजाऱ्याने बोलले पाहिजे. आई-बापाची भीती खोटी नसते. मुलीच्या सुरक्षित राहण्याची सोय झाली की त्या घाईतली अर्धी निकड संपते. म्हणून विरोध करणाऱ्याने मुलीला चार महिने आपल्या घरी किंवा वसतिगृहात ठेवण्याची तयारीही दाखवावी. नुसता उपदेश ऐकून कोणी तिथी मोडत नाही.

अन्नाविषयी थोडे. महाग पेये आणि डब्यातली पूड यांची गरज नाही. भाकरी, वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, जमेल तेव्हा अंडे, एवढे पुरे. शाळेतली खिचडी नववीत बंद झाली याची आठवण ठेवून डबा मात्र चुकवू नये. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशी मुलगी धापा टाकते, तिचे लक्ष लागत नाही, आणि घर म्हणते की तिला अभ्यासाची गोडी नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती घ्यावी, जेवणानंतर घ्यावी, आणि जेवणाला लागूनच चहा पिऊ नये, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

पैशाचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. दिवाळीचा बोनस हाती येतो तेव्हाच दुसरे सत्र तोंडाशी आलेले असते. त्या रकमेतून कपडे, किराणा आणि जुनी उधारी फेडण्याआधी एक पाकीट वेगळे काढावे: परीक्षा शुल्क, वह्या, प्रश्नसंच, परीक्षेच्या दिवसांतले रिक्षाभाडे. क्लासविषयी आमचे म्हणणे असे की क्लास लावलाच पाहिजे असे नाही. ज्या विषयात मूल अडते तेवढ्याच विषयाची शिकवणी पुरे. कर्ज काढून भरलेल्या फीचा बोजा अखेर मुलाच्या मानेवर येतो, कारण मग घरात प्रत्येक बोलण्यात त्या फीचा उल्लेख होतो. पाठ्यपुस्तक हाच पाया. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. घरात एकच मोबाइल असेल तर त्याची वेळ ठरवावी, आणि रात्री तो आई-बापाच्या उशाशी ठेवावा. आई-बाप स्वतः त्यात डोके घालून बसणार असतील तर मात्र मुलाला सांगण्याचा अधिकार उरत नाही.

कामगारांना जे हक्काने मिळते ते पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून काम करते. पगारपत्रकात जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये जी लहानशी कपात दिसते ती त्याच मंडळाची. ज्याची कपात होते त्याच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आहेत, पाठ्यपुस्तकांसाठी साहाय्य आहे, कित्येक ठिकाणी अभ्यासिका आहेत. कपात वर्षानुवर्षे होते आणि अर्ज मात्र केला जात नाही. बांधकाम कामगारांसाठी वेगळे कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र देऊन नोंदणी चालू ठेवली तर पहिल्या दोन मुलांना आठवी ते दहावीपर्यंत वर्षाला पाच हजार रुपयांचे साहाय्य मिळते. अट अशी की मुलाची हजेरी ७५ टक्के तरी पाहिजे. वेचणीला किंवा पाण्याला ठेवून घेतलेल्या मुलाचे हे साहाय्यही बुडते, हे मजुरीचा हिशेब करताना धरावे.

शाळेशी संबंध ठेवणे हे आमच्या लोकांना सर्वांत जड जाते. स्वतः शाळा न पाहिलेला बाप शिक्षकांपुढे उभा राहायला बिचकतो. त्याला वाटते, आपल्याला बोलावले म्हणजे तक्रारच असणार. त्याने पूर्वपरीक्षेनंतर एकदा, न बोलावता जावे आणि तीन प्रश्न विचारावेत: मुलाच्या वह्या पुऱ्या आहेत का? कोणत्या विषयात तो मागे आहे? त्या विषयातले कोणते धडे त्याने आधी हाती घ्यावेत? चांगला शिक्षक अशा बापाचा आदरच करतो. पालकसभा कामाच्या दिवशी भरते आणि रोजंदारीवाल्याचा खाडा होतो, ही अडचण खरी आहे. म्हणून शाळांनी सभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्याव्यात, आणि संघटनांनी दहावीच्या पालकांसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागावी. मोठ्या मागण्यांत ही लहान मागणी विसरू नये.

आता बोलण्याविषयी. घरातून मुलाला मिळणारा सर्वांत मोठा आधार आणि सर्वांत मोठा त्रास हे दोन्ही जिभेतूनच मिळतात. "आम्ही तुझ्यासाठी रक्त आटवतो", "अमक्याच्या पोराला बघ", "नापास झालास तर तोंड दाखवू नकोस" ही वाक्ये प्रेमापोटीच बोलली जातात, पण मुलगा ती प्रेम म्हणून ऐकत नाही. त्यातले शेवटचे वाक्य तर कोणीही, रागाच्या भरातही, उच्चारू नये. दरवर्षी निकालाच्या सुमारास त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेणारी मुले निघतात. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, एकटे बसत असेल, तर ते सोंग नव्हे. शिक्षकाला, डॉक्टरला दाखवावे. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

याच्या जोडीला नापास होण्याचे खरे स्वरूप घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे. २०१५ पासून निकालानंतर लगेच, त्याच वर्षी, फेरपरीक्षा होते. पूर्वीसारखे वर्ष फुकट जात नाही. एक किंवा दोन विषय राहिले तरी सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. हे जूनमध्येच मुलाला सांगून ठेवावे. त्याने मूल आळशी होत नाही; दारे किती उघडी आहेत हे कळल्यावर मन शांत होऊन अभ्यासाला लागते.

मदतीचा एक प्रकार मात्र कुटुंबांनी सोडून द्यावा. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून, खिडकीतून चिठ्ठ्या पोहोचवणारे काका, मामा आणि भाऊ मराठवाड्याने पुष्कळ पाहिले. १९८२ च्या कायद्याने असा गैरप्रकार गुन्हा ठरतो, आणि आता पाहाराही कडक झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब काय होतो? चिठ्ठीवर दहावी झालेला मुलगा प्रशिक्षण संस्थेत जातो, तेथे त्याला सूक्ष्ममापीवरचे दशांश वाचता येत नाहीत, आणि तो पुन्हा त्याच मुकादमाच्या रांगेत येतो. शिवाय ज्या मामाने चिठ्ठी दिली त्याने भाच्याला न बोलता सांगितलेले असते की तुझ्याच्याने हे होणार नाही. हा अपमान मूल विसरत नाही.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न घराच्या कुवतीपलीकडचा आहे. पैठण, कन्नड, सोयगाव या आमच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड-जालन्यातून नवरा-बायकोची जोडी उचल घेऊन जाते ती दिवाळीच्या सुमारास, आणि परतते ती उन्हाळ्यात. म्हणजे सबंध दुसरे सत्र आई-बाप घरात नसतात. पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेले तर तोही मोळ्या बांधू लागतो. गावात हंगामी वसतिगृहे चालतात, पण त्यांचा भर लहान मुलांवर. नववी-दहावीची मुले पुष्कळदा त्यांतून सुटतात. राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. तालुक्याच्या गावी तिचा लाभ कोठे मिळतो याची चौकशी उचल घेण्यापूर्वी करावी. जे नातलग मुलाला ठेवून घेतील त्यांच्याशी जाण्यापूर्वीच धान्य, खर्च आणि शाळेची भेट यांविषयी नीट बोलणे करावे. आणि तळावरून आठवड्यातून एक ठरलेल्या वेळी मुलाला फोन करावा. "जेवलास का" याच्या पुढे जाऊन "शाळेत गेलास का" एवढे विचारले तरी दूरवरच्या आई-बापाचा हात पाठीवर असल्याचे मुलाला कळते.

शेवटी वस्तीविषयी. एकट्या कुटुंबाला जे जमत नाही ते दहा कुटुंबांना सहज जमते. संघटनेचा सारा अर्थ एवढाच आहे. प्रत्येक वस्तीत समाजमंदिर आहे, बुद्धविहार आहे, देवळाची ओसरी आहे, मशिदीलगतचा मदरसा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात संध्याकाळी सात ते दहा या वेळात तेथे दिवा, सतरंज्या आणि पाण्याचा माठ ठेवला की अभ्यासिका तयार होते. पाळीपाळीने एकेका पालकाने बसावे. शिकवण्यासाठी नव्हे, शांतता राहावी आणि मुली निर्धास्त घरी पोहोचाव्यात म्हणून. महाविद्यालयातली मुले आठवड्यातून दोन दिवस गणित-इंग्रजीला यावीत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा पेपर अवघड जातो आणि मराठी माध्यमाच्या मुलांना गणित. आमच्या शहरात ही मुले एकाच गल्लीत राहतात, त्यांनी एकमेकांना शिकवावे. आणि त्या तीन महिन्यांत वरातींचे, उरुसांचे व जयंतीच्या वर्गणीचे कर्णे रात्री बंद ठेवण्याचे वस्तीने मिळून ठरवावे.

या शहराला हे नवे नाही. निजामाच्या राज्यात उर्दूचा वरचष्मा असताना १९१५ साली येथे सरस्वती भुवन शाळा उभी राहिली ती लोकांच्या आधारावर. पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद किंवा पुणे-मुंबई गाठावी लागे अशा काळात, १९५० साली, बाबासाहेबांनी येथे महाविद्यालय काढले, आणि खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी पोटाला चिमटा घेऊन तेथे पोरे धाडली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. त्या पिढीच्या आई-बापांना मुलांची पुस्तके वाचता येत नव्हती. पण मुलाचा वेळ कसा राखावा हे त्यांना कळत होते, आणि तेवढे केल्याने पुष्कळ घरे फिरली.

आमचे सांगणे लांबले. त्यातले सर्व कोणालाच जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. ज्याला एकच गोष्ट जमेल त्याने ती एक धरावी: येत्या दिवाळीनंतर, परीक्षा संपेपर्यंत, मुलाची किंवा मुलीची शाळा घरच्या कोणत्याही कामासाठी बुडू देऊ नये. १४ आठवड्यांचा हा निश्चय आहे. कापूस वेचायला मजूर मिळेल, पाणी शेजारीण भरून ठेवील, लग्नाला उशिरा गेलो तरी लग्न लागेल. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून हा ठराव मंजूर करून घ्यावा, आणि सभासदांनी तो पाळावा.